गादीवरची मुले

आपल्या जुन्या घरांतील दप्तरे चाळताना 'अज्ञान' हा शब्द वारंवार भेटतो. जमिनीच्या उताऱ्यावर, वारसाच्या अर्जात, दत्तकपत्रात 'अज्ञान' मुलाचे नाव येते आणि त्याला लागून 'अज्ञान पालनकर्ता' म्हणून आईचे, चुलत्याचे किंवा मामाचे नाव येते. कायद्याच्या मराठीत वयात न आलेला तो अज्ञान आणि वयात आलेला तो सज्ञान. बालपणाच्या ज्या अवस्थेला आपण साहित्यात निरागसता म्हणतो आणि जिच्या आठवणीने मोठेपणी मन हळवे होते, तिच्याकडे दप्तराने केवळ एक उणीव म्हणून पाहिले. मूल सज्ञान झाले की ती उणीव भरून निघते आणि पालनकर्त्याचे नाव खोडले जाते. त्या मुलाचे काय सरले, याची नोंद घेण्यासाठी उताऱ्यावर रकाना नसतो.

हा विचार मनात येण्याचे कारण असे की, ज्या गाद्यांच्या आश्रयाने आमची घराणी बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस येऊन स्थिरावली, त्या गाद्यांवर पुन्हा पुन्हा अज्ञान मुलेच बसली. ग्वाल्हेरचा इतिहास पाहावा. १८४३ साली जयाजीराव, १८८६ साली माधवराव आणि १९२५ साली जिवाजीराव असे एकामागून एक तीन शिंदे गादीवर आले, आणि त्या दिवशी त्यांच्यापैकी एकाचेही वय दहा वर्षांचे नव्हते. इंदुरास १९०३ साली शिवाजीराव होळकरांनी गादी सोडली, तेव्हा त्यांचे पुत्र तुकोजीराव बारा वर्षांचे होते. तेवीस वर्षांनी, १९२६ साली, तुकोजीरावांवरही तीच वेळ आली आणि सतरा वर्षांचे यशवंतराव गादीवर बसले. इंदूरच्या या दोन्ही प्रसंगी वडील हयात होते. वडिलांच्या डोळ्यांदेखत वडिलांच्या जागी बसणे मुलाच्या मनाला कसे वाटले असेल, याविषयी राज्याचे अहवाल गप्प आहेत.

संस्थानी इतिहासात 'अज्ञानकाळ' नावाचे एक प्रकरण हमखास असते. त्यात रीजन्सी कौन्सिलचे सभासद कोण, रेसिडेंट कोण, सारावसुली किती वाढली, रस्ते किती झाले याचा तपशील भरपूर असतो. ज्याच्या अज्ञानामुळे ते प्रकरण निर्माण झाले, तो मुलगा मात्र त्यात दरबाराच्या वर्णनापुरता येतो. आम्हांस या लेखात त्या मुलाकडे पाहावयाचे आहे. हाती असलेली साधने थोडी आहेत, आणि जी आहेत ती बहुतेक पालनकर्त्यांच्या हातची आहेत, हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे लागेल.

या परंपरेच्या उगमाशी पुण्याची गादी आहे. सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मले. त्यांचे वडील नारायणराव यांचा आदल्याच वर्षी शनिवारवाड्यात खून झाला होता. मूल चाळीस दिवसांचे झाले तोच त्यास पेशवाईची वस्त्रे मिळाली. तीन वर्षांचे होते तेव्हा आई गंगाबाई गेल्या. नववे सरले न सरले तोच लग्न झाले. बारभाईंच्या, आणि पुढे एकट्या नाना फडणिसांच्या देखरेखीत हा मुलगा वाढला. नानांनी राज्य राखले, यात संशय नाही. राघोबादादांच्या पक्षापासून मुलास जपणे हे राज्य राखण्याचेच एक अंग होते, त्यामुळे हा पहारा केवळ दुष्टपणाचा होता असे म्हणता येत नाही. पण पहाऱ्यात वाढणाऱ्याला पहाऱ्याचे कारण पटले तरी पहारा हा पहाराच असतो. या पेशव्यांना पशुपक्ष्यांची फार आवड होती आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा प्राणिसंग्रह होता. १७९२ साली महादजी शिंदे पुण्यास आले, तेव्हा तरुण पेशव्यांस शिकारीसाठी आणि सहलींसाठी वाड्याबाहेर नेणारा एक वडीलधारा माणूस भेटला. महादजींचा त्यात राजकीय हेतू होता हे खरे. तरी त्या मोकळिकीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी वारले. पुढल्या वर्षी, २५ ऑक्टोबरला, पेशवे शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कारंजावर कोसळले आणि दोन दिवसांनी त्यांचा अंत झाला. तो अपघात होता की आत्मघात, हा वाद इतिहासकारांत आजही आहे. वाद काहीही असो. एकवीस वर्षांच्या त्या आयुष्यात चाळिसाव्या दिवसानंतर केवळ मूल म्हणून वाढण्याचा काळ त्यांना फारसा लाभला नाही, हे निर्विवाद आहे.

१८४३ च्या ग्वाल्हेरचे चित्र तर अधिकच विलक्षण आहे. फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा ताराबाई यांचे स्वतःचेच वय तेरा वर्षांच्या आसपास होते. त्यांच्या मांडीवर भगीरथराव नावाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा दत्तक देण्यात आला आणि त्याचे नाव जयाजीराव ठेवण्यात आले. धर्मशास्त्राप्रमाणे ती आई आणि तो मुलगा; वयाप्रमाणे पाहिले तर थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. या दोन मुलांच्या नावाने दरबारातील पक्ष भांडले, इंग्रज सैन्य चंबळ उतरून आले आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया होऊन शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. ग्वाल्हेरच्या मराठी घरांपैकी कित्येकांचे पूर्वज त्या फौजेत असतील. ज्यांच्या नावाने ते लढले, त्या मायलेकरांना लढाई कशासाठी होत आहे हे कितपत उमगले असेल?

दत्तकविधानात मुलाचे नाव बदलते, ही गोष्ट आपल्याला इतकी परिचित आहे की तिच्याकडे आपण थांबून पाहत नाही. भगीरथरावाचे जयाजीराव झाले, कवळाण्याच्या गोपाळरावाचे सयाजीराव झाले, कागलच्या यशवंतरावाचे शाहू झाले. आठ-दहा-बारा वर्षे ज्या हाकेला 'ओ' दिली, ती हाक एका दिवशी बंद होते. नव्या नावाने मुजरे होतात; जुन्या नावाने हाक मारणारी माणसे गावी राहतात, आणि भेटायला आली तरी दरबारी रीत पाळून उभी राहतात. सामान्य दत्तकघरांतही हेच होते, फक्त मुजऱ्यांखेरीज. आपल्यापैकी पुष्कळांच्या वंशावळीत एखादे तरी नाव असे असते, ज्याच्यापुढे कंसात दुसरे, जन्मनाव लिहिलेले असते. इतिहासाने त्या मुलाच्या बालपणाला दिलेली जागा म्हणजे तो कंस.

करवीरच्या गादीची हकिकत यांत सर्वांत दुःखद होय. १८६६ साली दत्तक आलेले राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले आणि परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स येथे, ३० नोव्हेंबर रोजी, विसाव्या वर्षी वारले. त्यांनी प्रवासात इंग्रजीतून रोजनिशी लिहिली होती. ती १८७२ साली प्रसिद्ध झाली, पण तिचे संपादन केले ते त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट या अधिकाऱ्याने. एका तरुण राजाच्या स्वतःच्या हातचा मजकूर आपल्यापर्यंत पोहोचला खरा, परंतु तोही पालनकर्त्याच्या हातून आणि पालनकर्त्याच्या भाषेत.

त्यांच्यामागे १८७१ साली नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला. तेच चौथे शिवाजी महाराज. हे महाराज वयात येत असतानाच त्यांना मनोविकार जडल्याचे जाहीर करण्यात आले. त्यांचा छळ होतो आहे अशी चर्चा सुरू झाली. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी ती उचलून धरली, कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. बर्वे यांच्याविरुद्धची पत्रे न्यायालयात टिकली नाहीत. तेव्हा त्या आरोपांबाबत आज निवाडा देणे योग्य होणार नाही. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकशे एक दिवस काढले. त्या मुक्कामात आगरकरांनी शेक्सपीअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर हाती घेतले, जे 'विकारविलसित' या नावाने आपण ओळखतो. वेड्या ठरलेल्या एका राजपुत्रासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने वेड पांघरलेल्या राजपुत्राचे नाटक मराठीत आणावे, हा योग सहज आलेला असो वा नसो, लक्षात राहतो. इकडे महाराजांस नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. वय होते वीस.

ज्या वर्षी हे चौथे शिवाजी महाराज जन्मले, त्याच १८६३ साली, महिनाभर आधी, ११ मार्चला, नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावी गोपाळराव गायकवाड यांचा जन्म झाला. दोघेही सामान्य घरांतून गादीवर आले. एकाचा शेवट नगरच्या किल्ल्यात झाला. दुसऱ्याने चौसष्ट वर्षे राज्य केले. दोघांच्या दैवातील फरकाचा उलगडा स्वभावाने, प्रकृतीने की भोवतालच्या माणसांनी होतो, हे ठरविणे कठीण आहे. बडोद्याच्या मुलाच्या बाबतीत निदान एवढे म्हणता येते की, त्याला भोवतालची माणसे बरी भेटली.

मल्हारराव गायकवाडांना एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांना दत्तक घेतले. निवडीच्या वेळी 'कशासाठी आलास?' या प्रश्नाला त्या मुलाने 'राज्य करायला' असे उत्तर दिले, ही आख्यायिका बडोद्याच्या प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. ती सांगताना आपण त्या उत्तरातील तडफ पाहतो. बारा वर्षांचा, अक्षरओळखही धड न झालेला शेतकऱ्याचा मुलगा, अनोळखी वाड्यात, अनोळखी माणसांपुढे उभा राहून मोठ्यांना हवे असलेले उत्तर देतो आहे, ही दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही.

त्यानंतरची सहा वर्षे शिक्षणाची होती. एलियट हे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा एकाच वेळी सुरू झाल्या. जोडीला व्यायाम, कुस्ती, घोडदौड. एक गोष्ट चांगली झाली की, आनंदराव आणि संपतराव हे भाऊ शिकण्यास सोबत होते. गोपाळराव म्हणून ज्यांनी ओळखले अशी दोन मुले तरी त्या वाड्यात होती. बडोद्यात येऊन सहा महिने होतात न होतात तोच विलायतचे युवराज भेटीस आले आणि या मुलाला यजमान व्हावे लागले. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात 'फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया', म्हणजे इंग्रज राज्याचा खास पुत्र, असा किताब मिळाला. कवळाण्याच्या काशीरावांचा पुत्र, जमनाबाईंचा दत्तक पुत्र आणि आता साम्राज्याचाही पुत्र. तेव्हा त्याला चौदावे वर्ष चालू होते. १८८० साली सोळाव्या वर्षी लग्न झाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठराव्या वर्षी राज्याचा अधिकार हाती आला.

अधिकार देण्यापूर्वी दिवाण सर टी. माधवराव यांनी राजनीतीवर व्याख्याने दिली. ती 'मायनर हिंट्स' या नावाने इंग्रजीत छापलेली आहेत. हे माधवराव बडोद्यापूर्वी इंदुरास तुकोजीराव होळकरांचे दिवाण होते आणि त्याही आधी त्रावणकोरात राजपुत्रांचे शिक्षक होते. मुलांना राजे कसे करावे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. राजाने रागावर ताबा ठेवावा, स्तुतीला भुलू नये, प्रजेचा पैसा आपला मानू नये, कायद्याच्या मर्यादेत राहावे, असा उपदेश त्यांत आहे. उपदेश उत्तम होता आणि शिष्याने तो पाळला. पण मुलाने मोठे व्हावे कसे हे सांगणाऱ्या त्या व्याख्यानमालेचा विषयच असा की, मूल असण्याला तीत स्थान असणे शक्य नव्हते.

याची किंमत पुढे द्यावी लागली असे आम्हांस वाटते. तारुण्यातच महाराजांना निद्रानाशाच्या विकाराने गाठले. १८८७ साली प्रकृतीसाठी ते प्रथम युरोपात गेले आणि पुढे आयुष्यभर जात राहिले. बारा वर्षांचे राहून गेलेले शिक्षण सहा वर्षांत भरून काढण्याच्या ताणाचा आणि पुढील कामाच्या अतिरेकाचा या विकाराशी संबंध असावा, हा तर्क वावगा ठरू नये. तो तर्कच आहे, हेही सांगितले पाहिजे.

परंतु महाराजांनी मुलांसाठी जे केले, त्यासाठी तर्काची गरज नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यातील निवडक गावांत सात ते बारा वर्षांचे मुलगे आणि सात ते दहा वर्षांच्या मुली यांच्यासाठी सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू झाले. १९०६ साली ते सर्व राज्यास लागू झाले. १९०४ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्याने मुलींचे वय बारा आणि मुलग्यांचे सोळा ठरविले. 'सयाजी बालज्ञानमाले'ची लहान लहान पुस्तके निघाली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन झाले. या आकड्यांकडे महाराजांचे चरित्र समोर ठेवून पाहावे. बाराव्या वर्षी ज्याच्या शिक्षणाला खरा प्रारंभ झाला, त्याने आपल्या प्रजेतील मुलगे बाराव्या वर्षापर्यंत शिकून झालेले असावेत असा कायदा केला. सोळाव्या वर्षी ज्याचे लग्न झाले, त्याने त्याआधी कोणाचे होऊ नये असे ठरविले.

कोल्हापुरातही असेच काही दिसते. शाहू महाराजांची आई ते तीन वर्षांचे होण्यापूर्वीच गेली. दहाव्या वर्षी, १८८४ च्या मार्चमध्ये, ते दत्तक गेले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकत असताना १८८६ साली वडीलही गेले. त्यानंतर धारवाडास फ्रेझर यांच्या हाताखाली शिक्षण आणि १८९४ साली राज्याधिकार. घराबाहेर, परक्या गावी विद्यार्थी म्हणून राहणे काय असते, हे त्यांना ठाऊक होते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात जातीजातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृहांची जी मालिका उभी केली आणि १९१७ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जो कायदा केला, त्यांमागे सामाजिक न्यायाची दृष्टी होती, हे सर्वश्रुत आहे. त्या दृष्टीला पोरकेपणाच्या अनुभवाची जोड असावी, असे म्हटल्याने तिचे थोरपण उणे होत नाही.

सर्वांचाच मार्ग असा नव्हता. दहाव्या वर्षात गादीवर आलेल्या ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी हरवलेला खेळ मोठेपणीही खेळण्याचे ठरविले असावे. जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर रुळांवरून धावणारी त्यांची चांदीची आगगाडी आजही पाहणाऱ्यांना हसवते. ग्वाल्हेरची दोन फुटी रुळांची छोटी रेल्वेही आरंभी वाड्याच्या आवारात महाराजांच्या हौसेसाठी घातली गेली, असे सांगतात. १८९९ साली ती लोकांसाठी खुली झाली आणि तिचा श्योपूरकडे जाणारा मार्ग २०२० पर्यंत चालू होता. राजाचे खेळणे चंबळच्या खेड्यापाड्यांतील माणसांना शतकाहून अधिक काळ बाजाराला आणि कचेरीला नेत राहिले. खेळण्याचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही.

बालपण निसटल्याची खंत कोणाला नसते? पण ती खंत बहुधा आपल्या एकट्याच्या आठवणींभोवती फिरते आणि तेथेच थांबते. वर पाहिलेल्या मुलांना आठवणींत रमण्याची सवड नव्हती. त्यांच्यापैकी काहींचा त्या ओझ्याखाली अंत झाला. जे तरले, त्यांच्यापैकी काहींनी आपल्याला न मिळालेले दुसऱ्यांच्या मुलांना मिळवून दिले. मोठेपणाच्या जाचातून बालपणाकडे परतता येत नाही; मात्र पुढल्या मुलाचे बालपण थोडे लांबविता येते.

येथे एक अडचण उरते आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. शिक्षणाच्या त्या कायद्यांतील शब्द 'सक्ती' हाच होता. गुरे राखणाऱ्या मुलाला शाळेत बसविणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक पहारा ठेवणे नव्हे काय? त्या काळी नव्हते. त्या मुलाचे बालपण शेताने, सावकाराच्या कर्जाने आणि लवकरच्या लग्नाने आधीच घेतलेले होते. शाळेची पाच वर्षे त्यातून सोडविलेली वर्षे होती. आज आमच्याच घरांतील मुलांकडे पाहिले म्हणजे मात्र प्रश्न पुन्हा उभा राहतो. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी दुसरी शिकवणी आणि दहावी-बारावीच्या पुढे प्रवेशपरीक्षा. गादी नाही, किताब नाही, पण 'कशासाठी आलास?' हा प्रश्न आणि त्याचे ठरलेले उत्तर आहेच. ज्या राजांनी मुलांना वेळ मिळावा म्हणून शाळा सक्तीची केली, त्यांच्या नगरांत शाळेने मुलाला वेळ उरू देऊ नये, हे आपण पालनकर्त्यांनी विचारात घेण्याजोगे आहे.

आपल्या सभासदांपाशी अजून जुनी दप्तरे आहेत. वंशावळ्या, सनदा आणि वतनाचे कागद आपण जपतो, क्वचित प्रसिद्धही करतो. त्यांच्याच गठ्ठ्यांत मुलांनी गिरवलेल्या मोडीच्या वह्या, शिकायला परगावी धाडलेल्या मुलांची पत्रे, दत्तक गेलेल्या मुलाने जन्मदात्या आईस लिहिलेली चार ओळींची खुशाली असण्याचा संभव आहे. राजघराण्यांच्या दप्तरांत पालनकर्त्यांनी जे ठेवले नाही, ते सामान्य घरांच्या दप्तरांत निष्काळजीपणाने का होईना शिल्लक राहिले असेल. ते कागद रद्दीत जाण्यापूर्वी एकदा वाचावेत आणि त्यांची नक्कल करून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.